जुनी ऑटोमॅटिक गाडी: रीसेट केला की आठ दिवस बरी, मग पुन्हा तेच झटके

सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घरी येते तेव्हा बहुतेक वेळा शहाण्यासारखी चालते. दोनशे-तीनशे किलोमीटर काहीच तक्रार नसते. मग एका सकाळी सिग्नलवरून निघताना ती थरथरते, दुसरा गिअर पडताना कुणी मागून ढकलल्यासारखा झटका बसतो, किंवा डॅशबोर्डवर गिअरच्या आकड्याऐवजी ‘एन’ (न्यूट्रल) लुकलुकायला लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, एरर पुसला जातो, ‘रीसेट मारलाय, आता चालवून बघा’ असं सांगितलं जातं. गाडी खरोखरच सुधारते. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा रीसेट मारून घेण्याआधी हे समजून घ्या: रीसेटने दोषाची नोंद पुसली जाते, दोष जागच्या जागी राहतो. गिअरबॉक्सचा संगणक, म्हणजे टीसीयू, रोजच्या चालण्यातून शिकत असतो. क्लच नेमका कुठे धरतो, किती दाबाला धरतो, गिअर पडायला किती वेळ लागतो हे तो मोजतो आणि झीज होईल तसा आपला हिशोब सरकवत नेतो. सरकवायला जागा उरली नाही की एरर टाकतो. रीसेटमध्ये हा साठलेला हिशोबही पुसला गेला, तर तो पहिल्यापासून शिकायला लागतो. झिजलेली प्लेट किंवा गळणारा सील मात्र तसाच असतो, त्यामुळे तो काही दिवसांत पुन्हा त्याच मर्यादेवर येऊन थांबतो. शिवाय अनेक एरर लागोपाठ दोन फेऱ्यांत (गाडी सुरू करून चालवली आणि बंद केली की एक फेरी) दिसल्याशिवाय दिवा पेटवत नाहीत. आठ-दहा दिवसांची ही ‘तब्येत’ तिथून येते.

विकणाऱ्यालाही हे माहीत असतं. म्हणून पहिली तपासणी गिअरबॉक्सची नाही, पुसलेल्या नोंदीची करा.

नोंद कधी पुसली ते गाडीच सांगते

एप्रिल २०१३ नंतरच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीच्या संगणकाशी बोलायची जोडणी, असतं. साधं ब्लूटूथ डोंगल आणि फोनवरचं ॲप लावलं की ‘एरर पुसल्यापासूनचे किलोमीटर’ आणि ‘एरर पुसल्यापासून इंजिन किती वेळा गरम झालं’ असे दोन आकडे बहुतेक गाड्यांत दिसतात. ओडोमीटरवर ६२,००० आणि पुसल्यापासूनचं अंतर ९० किलोमीटर असेल, तर गाडी तुमच्या हातात देण्याच्या सुमारास कुणीतरी स्कॅनर लावला होता. त्याच ॲपमध्ये ‘रेडीनेस’ किंवा ‘मॉनिटर’ नावाची, गाडी स्वतःच्या भागांच्या करत असलेल्या तपासण्यांची यादी असते. त्यातल्या बऱ्याचशा ओळी ‘अपूर्ण’ दाखवत असतील तर अर्थ तोच. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावरही हे आकडे शून्य होतात, त्यामुळे नवी बॅटरी घातली असेल तर तिच्या बिलाची तारीख जुळवून बघा.

या पानांचे स्क्रीनशॉट ओडोमीटरच्या फोटोसह जपून ठेवा. पुढे डीलरशी बोलायची वेळ आली तर तोंडी तक्रारीपेक्षा यांचं वजन जास्त असतं.

स्वस्त डोंगल इंजिनच्या संगणकाशी बोलतं, गिअरबॉक्सच्या संगणकाशी बहुधा नाही. तिथे ‘पी०७००’ दिसला तर तो खुद्द दोष नव्हे. ‘गिअरबॉक्सकडे काहीतरी नोंद आहे, तिकडे बघा’ एवढाच तो निरोप. खरा कोड काढायला त्या कंपनीची गाडी पूर्ण उघडू शकणारा स्कॅनर लागतो. गॅरेजला सांगताना क्रम स्पष्ट ठेवा: आधी सगळ्या कंट्रोलरचं स्कॅन, त्याची प्रिंट किंवा फोटो, कोडसोबत साठलेली त्या क्षणाची माहिती (वेग, आरपीएम, तापमान, व्होल्टेज), आणि मगच पुसणं. पुसून टाकलेला कोड म्हणजे पुसून टाकलेला पंचनामा.

पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, कोणती ते आधी ठरवा

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली आपल्याकडे चार वेगळी यंत्रं विकली जातात. एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही, आणि चुकीच्या दुरुस्त्यांतल्या बऱ्याच इथेच सुरू होतात.

गिअर लिव्हरवर ‘पी’ (पार्क) नसेल, फक्त आर, एन, डी आणि एम किंवा अधिक-उणे असेल, तर ती एएमटी. २०१४ च्या सेलेरिओपासून आलेली ही जात: वॅगनआर, स्विफ्ट, डिझायर, टियागो, नेक्सॉन, क्विड, सँट्रो. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि एकच क्लचप्लेट असते. पाय आणि हात यांचं काम यंत्र करतं एवढंच.

‘पी’ असेल आणि गाडी २०१४ नंतरची पेट्रोल होंडा सिटी किंवा जॅझ, २०१६ नंतरची अमेझ किंवा २०२२ पूर्वीची ‘पी’वाली बलेनो असेल, तर ती सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलींवर चालणारी. २०२० पूर्वीच्या पोलो जीटी टीएसआय, व्हेंटो टीएसआय, रॅपिड डिझेल ऑटोमॅटिक या सात गिअरच्या कोरड्या दुहेरी क्लचच्या डीएसजी. इनोव्हा क्रिस्टा, सियाझ, पेट्रोल अर्टिगा, १.६ ची क्रेटा हे टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारे), म्हणजे खरी जुन्या वळणाची ऑटोमॅटिक.

गिअरबॉक्सला हात लावण्याआधी

ही अर्ध्या तासाची कामं आहेत आणि कुठल्याही पेटीला लागू पडतात. ती टाळून थेट क्लच किंवा व्हॉल्व्ह बॉडीवर (तेलाचा दाब वाटून देणाऱ्या भागावर) उडी मारणारं गॅरेज तुमच्या पैशाने अंदाज बांधत असतं.

बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर १२.५ ते १२.७ व्होल्ट हवेत. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जाऊ नयेत. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. एएमटीचा पंप आणि डीएसजीचा मेकाट्रॉनिक (संगणक आणि हायड्रॉलिक एकत्र असलेला भाग) हे दोन्ही विजेवर दाब तयार करतात, म्हणून म्हातारी बॅटरी तिथे गिअरबॉक्स खराब झाल्याची हुबेहूब लक्षणं दाखवते. स्कॅनमध्ये ‘पी०५६२’, म्हणजे कमी व्होल्टेज, हा कोड बाकीच्यांसोबत असेल तर बाकीचे तात्पुरते बाजूला ठेवा आणि बॅटरीपासून सुरुवात करा.

अर्थिंग. मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या वजा टर्मिनलवर, दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. कुणालातरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहायला हवा. जास्त असेल तर बॉडी आणि गिअरबॉक्समधली वेणीची पट्टी गंजली आहे. कोकणपट्टीतल्या आणि मुंबईतल्या गाड्यांत हे फार सापडतं. पट्टी सोडवून दोन्ही टोकं पॉलिशपेपरने घासून घट्ट आवळली की काम होतं.

ब्रेकचा स्विच. ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे दर वेळी पेटतात का, हलकं दाबल्यावरही पेटतात का, हे भिंतीजवळ उभं राहून बघा. एएमटीला ब्रेकचा संकेत मिळाला नाही तर ती स्टार्ट होत नाही किंवा गिअर घेत नाही. ‘पी’वाल्या गाडीत लिव्हर अडकून बसतो. स्वस्तातला हा स्विच कितीतरी ‘ॲक्च्युएटर (क्लच-गिअर हलवणारं यंत्र) खराब’ निदानांमागे निघतो.

इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग. बॉनेट उघडा ठेवून, ब्रेक घट्ट दाबून, कुणी समोर उभं नसताना एन-डी-एन-आर असं सावकाश बदला. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला इंजिन दोन-तीन सेंटिमीटर उडी मारताना दिसलं तर झटका माउंटिंगचा आहे. फाटलेलं रबर टॉर्चच्या उजेडात दिसतं.

आणि इंजिनचा मिसफायर. एक कॉइल किंवा प्लग मार खात असेल तर गाडी चढावर कमी आरपीएमला थरथरते, आणि ती थरथर गिअरबॉक्सची वाटते. ‘पी०३००’ ते ‘पी०३०४’ यांपैकी काही असेल तर आधी तेच सोडवा.

पुरातून आलेली गाडी

ऑगस्ट २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर, जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर, शिवाय मुंबईतलं दरवर्षीचं तुंबणं. बुडालेल्या गाड्या साफ होऊन दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, चिखलाची रेषा आतल्या टोकाला राहते. पुढच्या सीटचे रूळ, स्टेपनीची खाच, डॅशबोर्डखालच्या जोडण्या बघा. टीसीयूच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी असेल तर झटके येत-जात राहतात, ओल्या दिवसांत वाढतात, उन्हाळ्यात गायब होतात.

गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी एक नळी असते. पाणी तिच्या वर गेलं की आत शिरतं. काही गाड्यांत गिअर ऑइल थंड करणारी जाळी रेडिएटरच्या पोटातच असते, ती फुटली तर कूलंट ऑइलमध्ये मिसळतं. दोन्हींत ऑइलचा रंग सोलकढीसारखा गढूळ गुलाबी होतो. असं दिसलं तर गाडी जागेवरून हलवू नका. पाण्याने फ्रिक्शन प्लेटवरचं अस्तर सुटतं, आणि ते एकदा सुटलं की नुसतं ऑइल बदलून परत चिकटत नाही.

एएमटी: जास्तीत जास्त तक्रारी इथल्या

मॅरेली या कंपनीच्या पद्धतीच्या एएमटीत एक हायड्रॉलिक संच असतो: विजेचा पंप, दाब साठवणारा गोल ॲक्युम्युलेटर, विजेवर उघडझाप करणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि तेलाची छोटी टाकी. सुमारे ४० ते ५० बारच्या दाबावर हा संच क्लच दाबतो आणि गिअर ढकलतो. ह्युंदाईच्या एएमटीत मात्र विजेच्या मोटरी हे काम करतात. तिथे हायड्रॉलिक तेल नाही, त्यामुळे पुढचे दोन परिच्छेद सँट्रो आणि निऑसवाल्यांनी सोडून द्यावेत.

ड्रायव्हरचं दार उघडलं की पंपाची घरघर ऐकू येते. गाडी रात्रभर उभी असेल तर काही सेकंद चालून ती थांबते, हे बरोबर आहे. आता इग्निशन चालू ठेवा, इंजिन बंद, लिव्हर एनमध्ये, कशालाही हात न लावता शांत बसा. पंप पुन्हा लवकर वाजायला नको. दर काही सेकंदांनी वाजत असेल तर दाब कुठून तरी गळतोय: बाहेर ओल दिसली तर पाइप किंवा सील, बाहेर सगळं कोरडं असेल तर आतला सोलेनॉइड. उभ्या गाडीत पंप गप्प, पण चालताना प्रत्येक गिअरला वाजतो, असं असेल तर ॲक्युम्युलेटरमधला वायू संपलाय. तो दाब साठवू शकत नाही, म्हणून प्रत्येक वेळी पंपालाच धावावं लागतं. हा भाग वेगळा बदलता येतो आणि वेळेवर बदलला तर पंप वाचतो. पंप जळेपर्यंत थांबलं की दोन्ही बदलावे लागतात. पंप मुळीच वाजत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले, मग पंपाच्या पिनांवर १२ व्होल्ट येतात का, आणि सर्वांत शेवटी पंप.

टाकीतल्या तेलाबद्दल दोन चुका वारंवार होतात. एक, पातळी कमी दिसली म्हणून ब्रेक ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतणं. यातलं रबर वेगळ्या तेलासाठी बनलेलं असतं. ब्रेक ऑइलने ते फुगतं आणि पंधरा दिवसांत अख्खा संच गळायला लागतो. दोन, दाब भरलेला असताना पातळी बघणं. तेव्हा बरंच तेल ॲक्युम्युलेटरमध्ये असतं, टाकी रिकामी भासते, वरून भरली जाते, आणि दाब उतरला की तेल बाहेर सांडतं. दाब स्कॅनरने उतरवूनच पातळी बघायची आणि त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये नाव दिलेलं एएमटीचंच तेल घालायचं. गिअरबॉक्समधलं तेल हा वेगळा विषय आहे: ते साधं मॅन्युअलचं गिअर ऑइल असतं, छोट्या गाड्यांत साधारण दोन लिटर. ‘ऑटोमॅटिक आहे’ म्हणून एएमटीत एटीएफ (खऱ्या ऑटोमॅटिकचं तेल) ओतणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणा.

आता क्लच. शहरात चाललेल्या एएमटीत प्लेट झिजलेली असणं हा दोष कमी, वय जास्त. खात्री करायला सपाट, रिकामा रस्ता घ्या. लिव्हर एममध्ये, चौथा गिअर, ताशी ४० किलोमीटर, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम आणि वेग हातात हात घालून वाढले तर प्लेट धरतेय. आरपीएम एकदम उसळला आणि वेग मागे राहिला तर ती घसरतेय. चढावर रिव्हर्स घेताना थरथर आणि जळका वास हे दुसरं लक्षण. ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासाने गिअरचा आकडा लुकलुकून इशाऱ्याचा आवाज यायला लागला आणि दहा मिनिटं उभी केल्यावर सगळं नीट, तर क्लच तापतोय.

क्लच करायचाच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी सर्वांत जड असते. स्वस्तातलं बेअरिंग वाचवून ती दुसऱ्यांदा देण्यात शहाणपण नाही. उतरवलेला असतानाच फ्लायव्हीलच्या चेहऱ्यावर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा आहेत का बघा. असतील तर तो घासून घ्या किंवा बदला, नाहीतर नवी प्लेट पहिल्या दिवसापासून थरथरते. क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल पाझरत असेल तर सीलही आत्ताच. तेल लागलेली प्लेट कितीही नवी असली तरी घसरणार.

आणि यानंतरची पायरी, जी सगळ्यांत जास्त वेळा राहून जाते: क्लच लर्निंग. नवी प्लेट जाड असते, तिचा पकडण्याचा बिंदू जुन्याहून वेगळ्या ठिकाणी येतो, आणि टीसीयूला तो स्कॅनरमधून शिकवावा लागतो. इंजिन चालण्याच्या तापमानाला आलेलं, गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, लिव्हर एनमध्ये, एसी आणि दिवे बंद, बॅटरी भरलेली. यातली एखादी अट चुकली की स्कॅनर ‘फेल’ दाखवतो. ते पुन्हा न करता गाडी दिली गेली तर तुम्ही नव्या क्लचसह जुनेच झटके घेऊन घरी येता. बिलावर ‘क्लच लर्निंग पूर्ण’ असं लिहून घ्या. खरं रीसेट हेच. एरर पुसणं हे नव्हे.

नवी प्लेट टिकवायची तर घाटात थांबताना गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. कसाऱ्यात किंवा खंबाटकीत ट्रकमागे रांग लागली की अनेकजण ब्रेकऐवजी पेडलवर गाडी जागेवर उभी ठेवतात. एएमटीत त्या प्रत्येक क्षणी प्लेट घासली जात असते. ब्रेक किंवा हँडब्रेक धरा, पुढे दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्या, आणि एकदम निघा.

सीव्हीटी

आधी काय दोष नाही ते. ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम आधी चढतो आणि वेग मागून येतो, हा सीव्हीटीचा स्वभाव आहे. तो दुरुस्त करायच्या नादात पैसे घालवू नका.

निघताना किंवा ताशी २० ते ४० च्या दरम्यान थरथर येत असेल तर सुरुवात तेलापासून, आणि तेलाचं नाव इथे जिवाचं आहे. होंडाच्या जुन्या मल्टिमॅटिक सीव्हीटीला, ज्यात निघण्यासाठी वेगळा स्टार्ट क्लच असतो, एचएमएमएफ लागतं. २०१४ नंतरच्या सिटीतल्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या सीव्हीटीला एचसीएफ-२ लागतं. ही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि ‘सगळ्या सीव्हीटीला चालणारं’ तेल तर नकोच. सीव्हीटीत लोखंडी पट्टा आणि पुली यांच्यातली पकड तेलाच्या गुणावर टिकून असते. चुकीच्या तेलात पट्टा घसरतो आणि पुलीवर चरे पडतात.

तेल काढल्यावर ड्रेन प्लगचं चुंबक बघा. राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप चालतो. बोटांना टोचणारे चकचकीत तुकडे निघाले तर पट्टा किंवा बेअरिंग गेलंय, आणि नवं तेल ते लांबवणार नाही. वेगाबरोबर चढणारी शिट्टीसारखी किंकाळी हेही बेअरिंगचं. तिथे तज्ज्ञाकडे उघडणं किंवा खात्रीची दुसरी पेटी एवढेच पर्याय उरतात.

सात गिअरची कोरडी डीएसजी

हिच्यात दोन तेलं आहेत, एक गिअरचं आणि एक मेकाट्रॉनिकचं, आणि ती एकमेकांत मिसळत नाहीत. २०१३ साली फोक्सवॅगनने जगभरात या पेटीतलं सिंथेटिक गिअर ऑइल काढून मिनरल घालण्यासाठी गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण त्या तेलामुळे मेकाट्रॉनिकमध्ये शॉर्ट होऊन फ्यूज उडायचा. त्या काळातली गाडी घेतली असेल तर चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये हे काम झाल्याची नोंद विचारा.

निदानाची एक सोपी किल्ली: पहिला क्लच १, ३, ५, ७ चालवतो, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. रिव्हर्स आणि सम गिअर एकत्र गेले असतील तर दुसऱ्या क्लचच्या बाजूला बघायचं. रिव्हर्स शाबूत आणि गाडी फक्त सम गिअरमध्ये चालते, तर पहिल्या. सगळे गिअर एकदम गेले, लिव्हरचा दिवा लुकलुकतोय आणि ‘पी१७बीएफ’ निघाला, तर हायड्रॉलिक दाब तयार होत नाहीये. मेकाट्रॉनिकच्या घरात ॲक्युम्युलेटर बसतो तिथे चीर जाणं हे याचं ओळखीचं कारण आहे. अशा वेळी पूर्ण गिअरबॉक्स बदलायचं कोटेशन आलं तर सही करू नका. मेकाट्रॉनिक वेगळा उतरतो, आणि नुसतं ते घर बदलून देणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत.

टॉर्क कन्व्हर्टर

चारही पेट्यांत सर्वांत सोशिक. तक्रार बहुधा एकच असते: ताशी ५० ते ८० च्या दरम्यान, हलक्या ॲक्सिलरेटरवर, रस्त्यावरच्या रंबल पट्ट्यांवरून जातोय अशी थरथर. रिकाम्या रस्त्यावर ती चालू असताना उजवा पाय स्थिर ठेवून डाव्या पायाने ब्रेकला अगदी हलका स्पर्श करा. ब्रेकचा संकेत मिळताच कन्व्हर्टरचा लॉकअप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला थेट जोडणारा आतला क्लच, सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष लॉकअप क्लचचा किंवा जुन्या तेलाचा. थांबली नाही तर इंजिन किंवा टायर बघा. ‘पी०७४१’ हा कोड याच्याच जोडीने येतो.

इथे तेल बदलून बऱ्याच गाड्या सुधारतात, पण एकदा बदलून नाही. सहा गिअरच्या पेटीत एकूण सुमारे सात लिटर तेल असतं आणि प्लग उघडल्यावर निम्मंच बाहेर येतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं. एकदा बदललं की निम्मं नवं, दुसऱ्यांदा पाऊण, तिसऱ्यांदा साडेसत्याऐंशी टक्के. दोन बदलांमध्ये शंभर-दोनशे किलोमीटर चालवा. मशीन लावून दाबाने फ्लश करणं अज्ञात इतिहासाच्या गाडीत टाळलेलं बरं, बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकतो. ह्युंदाईच्या सहा गिअरला एसपी-४, तिच्याच जुन्या चार गिअरला एसपी-३, क्रिस्टाला टोयोटा डब्ल्यूएस.

नव्या पेट्यांना डिपस्टिक नसते. पातळी एका ओव्हरफ्लो प्लगमधून बघतात: गाडी लिफ्टवर सपाट, इंजिन चालू, लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवून पुन्हा पीमध्ये, आणि तेलाचं तापमान स्कॅनरवर मॅन्युअलमधल्या पट्ट्यात. ह्युंदाईच्या सहा गिअरला हा पट्टा ५० ते ६० अंश सेल्सिअस आहे. त्या तापमानाला प्लगमधून बारीक धार येऊन थेंबांवर आली की पातळी बरोबर. थंड इंजिनवर ‘अंदाजाने’ भरलेलं तेल गरम झाल्यावर जास्त होतं, फेसाळतं, आणि फेसावर दाब बसत नाही. ऑइल बदलल्यानंतरच झटके सुरू झाले अशी तक्रार असेल तर पहिली शंका इथेच घ्या.

काढलेलं तेल काळं, जळक्या वासाचं आणि सोबत गिअर सरळ घसरत असतील, तर प्लेटा गेल्या आहेत. मग तेलावर खर्च नको, उघडणाऱ्या माणसाकडे जा. ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबण्याची स्टॉल टेस्ट घरी करू नका. एएमटी, डीएसजी आणि सीव्हीटीत तर कुणालाही करू देऊ नका.

गाडी बंद पडली तर, आणि विकणाऱ्याशी बोलताना

इंजिनने फिरणारी चाकं (बहुतेक गाड्यांत पुढची, क्रिस्टात मागची) जमिनीवर ठेवून दोरीने ओढायला परवानगी देऊ नका. ‘पी’वाल्या पेटीत इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, चाकं फिरत राहिली की आतले भाग कोरडे घासतात. फ्लॅटबेडच मागवा. एएमटी एनमध्ये असेल तर थोडं अंतर ओढता येते, पण ती गिअरमध्ये अडकली असेल तर तिलाही फ्लॅटबेडच लागतं.

डीलरकडून घेतली असेल तर वॉरंटीच्या कागदावर गिअरबॉक्सच्या ओळीत नेमकं काय लिहिलंय ते वाचा. ‘क्लच, मेकाट्रॉनिक, ॲक्च्युएटर वगळून’ असं असेल तर वॉरंटी जवळपास लोखंडाच्या पेटीपुरतीच उरते. तक्रार फोनवर नाही, ईमेलवर करा: तारीख, किलोमीटर, पहिल्या स्कॅनची प्रत, पुसल्यापासूनच्या अंतराचा स्क्रीनशॉट. वॉरंटीत असताना दुसरीकडे पेटी उघडू नका, फक्त स्कॅन करून घ्या. व्यवसाय म्हणून गाड्या विकणाऱ्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात जाता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ओळखीतल्या माणसाने स्वतःची वापरातली गाडी विकली असेल तर तो ‘विक्रेता’ ठरवणं अवघड जातं. तिथे समजुतीने खर्च वाटून घेणं बऱ्याचदा लवकर मार्गी लागतं.

दुरुस्ती झाल्यावर लगेच खूश होऊ नका. तीनशे किलोमीटर चालवा, त्यात एकदा पाऊण तासाचं ट्रॅफिक आणि एकदा घाट येऊ द्या, मग पुन्हा पूर्ण स्कॅन करा. दिवा पेटलेला नसला तरी ‘पेंडिंग’ यादी उघडून बघा. दोन फेऱ्यांत पक्का होणारा एरर पहिल्या फेरीनंतर तिथे बसलेला असतो. ती यादी रिकामी असेल आणि गाडीखाली रात्रभर ठेवलेल्या पुठ्ठ्यावर तेलाचा डाग नसेल, तरच गॅरेजचे उरलेले पैसे द्या.